आपल्या ठायी: आठ ओळींवर स्वोपज्ञ भाष्य

डोंबिवलीत आमचा एक लहानसा अभ्यासवर्ग आहे. रविवारी सकाळी सात-आठ जण कुणाच्या तरी घरी जमतात आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातले काही वाचतात. गेल्या वर्षी कांट, हेगेल, शोपेनहाउअर, मार्क्स आणि हायडेगर यांची ओळख करून घ्यायचे ठरले. पुस्तके इंग्रजी, चर्चा मराठीत, आणि मूळ जर्मन पान उघडून बसणारा मी एकटा. माझी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात जर्मन यंत्रांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीत आणि मराठीत उतरवण्यात गेली, म्हणून ती भाषा येते. तीन-चार बैठकांतच दिसले की आम्ही ज्या गोष्टींवर भांडतो आहोत त्यांतल्या निम्म्या मूळ ग्रंथांत नाहीतच. त्या इंग्रजी शब्दांतून आलेल्या आहेत. तेव्हा मी आठ ओळी रचून नेल्या. स्वतःला अट एकच घातली होती: जर्मन पद रोजच्या बोलण्यातले असेल तर मराठीतही रोजचा शब्द शोधायचा, आणि तो शोधताना इंग्रजीचे बोट धरायचे नाही. सूत्र आणि भाष्य एकाच हाताचे असले तर आपल्या परंपरेत त्याला स्वोपज्ञ म्हणतात. हे तसे भाष्य आहे.

ओळ १. जग म्हणजे आपल्या पुढ्यात मांडलेलं.

‘पुढ्यात मांडलेलं’ हे ‘फोरश्टेलुंग’ या पदासाठी. ‘फोर’ म्हणजे पुढे, ‘श्टेलन’ म्हणजे ठेवणे, उभे करणे. शोपेनहाउअरच्या मुख्य ग्रंथाच्या नावातच हे पद आहे. ग्रंथ १८१८ च्या अखेरीस निघाला, त्यावर साल १८१९ पडले. हाल्डेन आणि केंप यांनी १८८३ पासून काढलेल्या इंग्रजी भाषांतरात त्याचे ‘आयडिया’ केले. पेन यांनी १९५८ मध्ये ‘रिप्रेझेंटेशन’ केले. २००८ मध्ये आणखी एका भाषांतराने ‘प्रेझेंटेशन’ पसंत केले. पहिल्या शब्दाने घोटाळा झाला, कारण प्लेटोच्या आदिरूपांसाठी शोपेनहाउअर ‘इडे’ हे वेगळे पद वापरतो आणि इंग्रजीत दोन्ही एकाच शब्दावर येऊन बसली. दुसऱ्या शब्दाने असे वाटते की खरी वस्तू कुठेतरी दुसरीकडे आहे आणि आपल्याकडे तिचा वकील आला आहे.

जर्मन माणसाला या पदात असे काही ऐकू येत नाही. ठाण्याच्या गडकरी रंगायतनावर खेळांच्या वेळांचा फलक असतो, तसा फलक जर्मन नाट्यगृहावर लागला तर त्यावर ‘फोरश्टेलुंग’ हाच शब्द असेल. एका माणसाची दुसऱ्याशी ओळख करून देणे हीसुद्धा फोरश्टेलुंग.

शंका: मग ‘कल्पना’ का नको? तो शब्द कोशांत आहेच. समाधान: ‘कल्पना’ म्हटले की मराठी कानाला ‘मनाचे खेळ’ ऐकू येते, आणि जग हे मनाचे खेळ आहे असे वाक्य तयार होते. पुढ्यात ताट असते म्हणजे ताट खरे असते, पण पाटावर कुणीतरी बसलेला असल्याशिवाय त्याला पुढ्यातले म्हणता येत नाही. पाहणाऱ्यावाचून पाहिलेले नाही, हे शोपेनहाउअरचे म्हणणे ‘पुढा’ या दोन अक्षरांत आपोआप येते.

ओळ २. डोळा पाहतो, मूठ मिटते, तेव्हा वस्तू हाती लागते.

या ओळीत कांटची दोन पदे आहेत: ‘आनशाउउंग’ आणि ‘बेग्रिफ’. मराठीचे सगळ्यात मोठे नुकसान याच जागी झाले आहे असे माझे मत आहे, म्हणून इथे थांबतो.

‘आनशाउउंग’मध्ये ‘शाउएन’ म्हणजे बघणे आहे. दक्षिण जर्मनीत आजही बघ म्हणायला हेच क्रियापद वापरतात. वस्तू थेट समोर येणे, इंद्रियांना भिडणे, एवढाच कांटचा रोख. इंग्रजी भाषांतरकारांनी ‘इंट्यूशन’ केले: माक्स म्युलर यांनी १८८१ मध्ये, कांटच्या मुख्य ग्रंथाला शंभर वर्षे झाली त्या वर्षी; केंप स्मिथ यांनी १९२९ मध्ये; आणि १९९८ च्या केंब्रिज आवृत्तीतही तेच राहिले. त्यांचा तसा दोष नाही. कांटने स्वतः १७७० च्या लॅटिन प्रबंधात ‘इंटुइटस’ हे पद वापरले होते, आणि लॅटिनमध्ये तोही पाहण्याचाच शब्द. पण बोलीतल्या इंग्रजीत इंट्यूशन म्हणजे आतून येणारी चाहूल. आपण कांट वाचला तो इंग्रजीतून, आणि इंट्यूशनला आपल्याकडे प्रतिशब्द तयार होता: अंतःप्रज्ञा, अंतःस्फूर्ती. बाहेरून डोळ्यावर येणारी गोष्ट मराठीत आतून उगवू लागली. आमच्या वर्गात एका निवृत्त शिक्षकांनी तीन रविवार हिरिरीने मांडले की कांट हा योग्यांच्या साक्षात्काराच्या जवळ आहे. त्यांच्या पुस्तकात ‘इंट्यूशन’च छापले होते, त्यांनी ते प्रामाणिकपणे वाचले होते. मी जर्मन पान पुढे केले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, “म्हणजे आपण इतके दिवस दुसऱ्याच गावाला गेलो होतो.”

न्यायशास्त्रात निर्विकल्प प्रत्यक्ष आहे, आणि दिङ्नागाने तर कल्पनेचा स्पर्श नसलेले ते प्रत्यक्ष असे लक्षणच केले. श्चेरबात्स्की या रशियन पंडिताने बौद्ध न्यायावरच्या आपल्या ग्रंथात दिङ्नाग-धर्मकीर्ती आणि कांट यांना शेजारी बसवले आहे. मला तो शेजार आवडतो, पण ‘निर्विकल्प’ लिहिले की बौद्धांचा क्षणिकवाद सोबत येतो आणि तो कांटच्या घरात मावत नाही. साधे ‘पाहणे’ पुरते.

‘बेग्रिफ’मध्ये ‘ग्राइफन’ आहे, हाताने धरणे. इंग्रजीने ‘कन्सेप्ट’ केले. त्यातही लॅटिन धरणे आहे, पण ते आता कुणाला जाणवत नाही. जर्मन कारखान्याच्या मानकांत पहिल्याच पानावर ‘बेग्रिफं’ असे शीर्षक असते आणि खाली नट, बोल्ट, झडप यांच्या व्याख्या असतात. मी ते शेकडो वेळा पाहिले. ‘संकल्पना’ हा आपला शब्द चांगला रुळला आहे, तो मोडावा असे मी म्हणत नाही. पण त्यात संकल्प आहे, ठरवणे आहे, हात नाही. ‘आकलन’मध्ये आहे. बोलीत तर आपण “विषय त्याच्या पकडीत आला” असे म्हणतोच. म्हणून ओळीत मूठ ठेवली.

जर्मन तत्त्वज्ञांची भाषाही काही उपजत घरगुती नव्हती. लायप्झिगमध्ये थोमासियसने १६८७ मध्ये लॅटिन सोडून जर्मनमधून व्याख्यान जाहीर केले तेव्हा गहजब झाला. पुढे क्रिस्टियान वोल्फने जर्मनमध्ये ग्रंथ लिहून बेग्रिफसारखी पदे शास्त्रात पक्की बसवली. कांटच्या हाती आलेली भाषा ही अशी कुणीतरी राबून तयार केलेली होती.

ओळ ३. दिसतं ते खोटं नाही. ते दिसणं आहे.

‘एरशायनुंग’ आणि ‘शाइन’. पहिले म्हणजे दिसून येणे, दुसरे म्हणजे नुसता भास. हे दोन एक करू नका असे कांट बजावतो. ‘आभास’ किंवा ‘माया’ लिहिले की दोन्ही एक होतात. मराठीत ‘दिसणे’ आणि ‘भासणे’ ही जोडी तयार आहे. ती सोडून संस्कृतात जायचे कारण नाही.

ओळ ४. वस्तू आपल्या ठायी आहे.

‘डिंग आन झिश’. या पदाला मराठीत मोठा इतिहास आहे आणि तो मंडालेच्या तुरुंगातून येतो. टिळकांनी १९०८ ते १९१४ या कारावासात जर्मनचा अभ्यास केला आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिले. ग्रंथ १९१५ मध्ये छापून निघाला. त्याच्या अध्यात्मविचारात कांट येतो. टिळक मूळ जर्मन पदे देतात, नामरूपाच्या बाह्य देखाव्याशी एरशायनुंगची सांगड घालतात, आणि डिंग आन झिशसाठी ‘वस्तुतत्त्व’ हा शब्द योजतात. पुढे १९३५-३६ मध्ये भालचंद्र सीताराम सुकथणकर यांनी गीतारहस्य इंग्रजीत नेले, तेव्हा वस्तुतत्त्व पुन्हा ‘थिंग इन इटसेल्फ’ झाले. जर्मनमधून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत असा प्रवास केलेले कांटचे दुसरे पद मला माहीत नाही.

‘वस्तुतत्त्व’ हा शब्द मी अनेक दिवस मनात घोळवला. त्याचे बळ ‘तत्’मध्ये आहे. तत्त्व म्हणजे ते-पण. नाव न घेता बोट दाखवायचे, आणि कांटलाही नेमके तेवढेच करायचे होते. पण तत्त्व हा आपल्याकडे फार जुना शब्द आहे आणि त्याला एक सवय लागलेली आहे: तो जाणला जाण्यासाठीच असतो. तत्त्वज्ञान, तत्त्ववेत्ता, तत्त्वबोध. कांट म्हणतो की ही वस्तू आपल्याला कधीच कळणार नाही. आणि त्या वस्तूला दिलेल्या मराठी नावातच कळण्याची वाट उघडी आहे. टिळकांचा युक्तिवाद हाच होता की कांट जिथे थांबला तिथून वेदान्त पुढे जातो, कारण बाहेरून अज्ञेय असलेले आत्म्याच्या अनुभवात सापडते. म्हणजे शब्दाने अर्धा युक्तिवाद आधीच केला आहे. मी याला टिळकांची चूक म्हणत नाही. एवढ्या ताकदीचा वाचक पद निवडताना तटस्थ राहील ही अपेक्षाच बरोबर नाही. पण गीतारहस्य बाजूला ठेवून कांट शिकवायचा असेल तर वस्तुतत्त्व हा शब्द वाचकाला कांटच्या दारातून वेदान्ताच्या अंगणात नेतो, हे माहीत असलेले बरे.

‘आन झिश’ हे जर्मन माणूस दिवसातून दहादा बोलतो: “आन झिश काम सोपं आहे”, म्हणजे तसे पाहिले तर, मुळात. हे मला मराठीत ‘आपल्या ठायी’मध्ये सापडले. जुन्या मराठी गद्यात आणि संतांच्या भाषेत ‘ठायी’ पदोपदी आहे. त्यासाठी मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसलो. ते १८९३ मध्ये स्थापन करण्यात विनायक लक्ष्मण भावे यांचा पुढाकार होता; मिठाचा व्यापार सांभाळून ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे आणि महानुभावांच्या सांकेतिक लिपीतल्या पोथ्यांमागे लागणारे हेच ते भावे. ‘ठाय’ हा स्था धातूचा शब्द, आणि शिलाहारांच्या लेखांतले श्रीस्थानक, म्हणजे आजचे ठाणे, तेही त्याच धातूचे. ‘आपल्या ठायी’ म्हटल्याने वस्तू आपल्या जागी राहते, आपण आपल्या जागी राहतो, आणि कळेल की नाही याबद्दल शब्द काहीच आश्वासन देत नाही.

ओळ ५. जुनं उचललं जातं.

‘आउफहेबन’. हेगेलच्या सगळ्या पदांत हे भाषांतरकाराला सर्वांत जास्त छळते. एकाच क्रियापदात तीन अर्थ: खालून वर घेणे, रद्द करणे, जपून ठेवणे. हेगेल तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात खास टीप देऊन सांगतो की परस्परविरुद्ध अर्थ पोटात घेणारा शब्द भाषेत मिळणे ही विचाराला आनंदाची गोष्ट आहे. लॅटिनच्या ‘टोलेरे’ची आठवण तो काढतो, सिसरोने तरुण ऑक्टेव्हियनबद्दल ते द्व्यर्थी वापरले होते तेही नोंदवतो, पण लॅटिन शब्द जर्मनइतका लांब जात नाही असे त्याचे म्हणणे. इंग्रजीत मात्र त्याच लॅटिन क्रियापदाच्या रूपावरून ‘सब्लेट’ घेतले गेले. स्टर्लिंगच्या १८६५ च्या हेगेलवरील ग्रंथापासून ते चालू आहे. मिलरने १९७७ मध्ये ‘फेनोमेनोलोगी डेस गाइस्टेस’च्या भाषांतरात ‘सुपरसीड’ वापरले, त्यात जपून ठेवणे गळते. सब्लेट मात्र कुणाच्याही तोंडात नसलेला शब्द आहे. त्याचा अर्थ टीप वाचूनच कळतो.

मी हा शब्द प्रथम हेगेलमध्ये वाचला नाही. एका दाबयंत्राच्या पुस्तिकेत वाक्य होते की झाकण बंद झाल्यावर अडसर ‘आउफहेबन’ होतो, म्हणजे सुटतो. फिटरला तो शब्द समजावून सांगावा लागत नव्हता.

आता मराठी पाहा. जेवणे झाली की ताटे उचलतात, पंगत संपली. उरलेला लाडू उद्यासाठी उचलून ठेवतात, तो राखला. एखाद्याचे म्हणणे उचलून धरतात. ते वर गेले. आणि अधिकाऱ्याची उचलबांगडी होते, तो गेला. रद्द करणे, राखणे, वर नेणे हे तिन्ही अर्थ ‘उचलणे’च्या पोटात आहेत, आणि कुठल्याही घरात ते एकाच दिवसात तिन्ही अर्थांनी वापरले जाते. ही जोडी जुळली तेव्हा मी लोकलमध्ये उभा होतो, आणि कळव्यापासून कोपरपर्यंत शेजारच्या माणसाला ती सांगावी असे वाटत राहिले.

शंका: ताट उचलणे आणि लाडू उचलून ठेवणे यांत ‘ठेवणे’ने अर्थ बदलला, एकट्या ‘उचलणे’त तो नाही. समाधान: शंका बरोबर आहे. जर्मन क्रियापद एकटे तिन्ही अर्थ पेलते, मराठीला सोबती लागतो. म्हणूनच ओळीत मी सोबती दिलेला नाही. ‘जुनं उचललं जातं’ ऐकणाऱ्याने विचारावे, उचलून काय केले? हेगेलचे उत्तर, तिन्ही. ‘निरसन’ लिहिले असते तर हा प्रश्न उठलाच नसता.

ओळ ६. चैतन्य वाटेनं मोठं होतं.

‘गाइस्ट’. हेगेलच्या याच ‘फेनोमेनोलोगी डेस गाइस्टेस’ ग्रंथाच्या नावात बेलीने १९१० मध्ये ‘माइंड’ केले, मिलरने १९७७ मध्ये ‘स्पिरिट’. मराठी बायबलमध्ये गाइस्टच्या जागी आत्मा आहे आणि तिथे तो शोभतो. पण आपला आत्मा बदलत नाही, आणि हेगेलचा गाइस्ट इतिहासातून चालत, ठेचा खात घडतो. ‘चैतन्य’ वाढते, ओसरते, गावात येते; म्हणून ते घेतले.

ओळ ७. केलेलं हातातून जातं आणि परक्याचं धन होतं.

मार्क्सची ‘एंटफ्रेम्डुंग’. १८४४ ची हस्तलिखिते, छापून आली १९३२ मध्ये. ‘फ्रेम्ड’ म्हणजे परका. शेजारीच ‘एंटऑयसरुंग’ हे पद येते: आपल्यातले बाहेर टाकणे, मालकी सोडणे. इंग्रजीत कुणी दोन्हीला ‘एलिएनेशन’ म्हटले, कुणी पहिल्याला ‘इस्ट्रेंजमेंट’. एलिएनेशन हा कायद्यातला शब्दही आहे, मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणे. मराठीत ‘परात्मता’ चालतो. तो नेमका आहे, पण कामगाराच्या तोंडी कधी येणार नाही.

‘परक्याचं धन’ हा शब्द मी वर्गात वाचला तेव्हा एक काकू म्हणाल्या, “हे आम्ही लहानपणापासून स्वतःबद्दल ऐकत आलोय. ते तुम्ही यंत्रावरच्या मालाला लावताय?” त्यांचा आवाज चढला नव्हता. मी ओळ खोडायला निघालो. त्याच म्हणाल्या, “राहू दे. बरोबर लावलंय. आपण वाढवायचं आणि मालक दुसरा.” परकेपण आणि मालकी, मार्क्सची दोन्ही पदे, त्यांनी एका वाक्यात एकत्र आणली. हा भाव जुना आहे. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात कण्वाच्या तोंडी तो आहे. तेच शाकुंतल जोन्सच्या इंग्रजीवरून १७९१ मध्ये फोर्स्टरने जर्मनमध्ये नेले, म्हणजे तेही जर्मनीत इंग्रजीच्या वाटेनेच पोचले.

ओळ ८. मी इथे असतो.

हायडेगरच्या १९२७ च्या ग्रंथातले ‘डाझाइन’. ‘डा’ म्हणजे इथे, तिथे. ‘झाइन’ म्हणजे असणे. कांट-हेगेलच्या लेखनात हे साधे अस्तित्व होते. हायडेगरने ते माणसाच्या असण्यासाठी राखून ठेवले. मॅक्वारी आणि रॉबिन्सन यांनी १९६२ मध्ये ते इंग्रजीत भाषांतर न करता तसेच ठेवले, स्टॅम्बो यांनी १९९६ मध्ये मधे एक रेघ घातली. ‘झाइन’ आणि ‘झाइएंडेस’ यांच्यासाठी इंग्रजीत अनेकदा एकच शब्द, कधी मोठ्या अक्षराने कधी लहान. मराठीत ‘असणे’ आणि ‘असलेले’ एवढे पुरते, आणि आणखी आत जायचे तर ‘असलेपण’ आहे. हा ‘पण’ प्रत्यय ज्ञानदेवांच्या भाषेत किती राबला आहे! त्याच सुमारास, तेराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे, एकहार्ट आपल्या प्रवचनांत जर्मनमधून अमूर्ताचे शब्द घडवत होता.

आता लोकलमधला फोन ऐका. “कुठे आहेस?” “मुंब्र्याला आहे.” आणि ओळख नसलेल्या दोघांचे बोलणे ऐका. “आपण कुठे असता?” “डोंबिवलीला असतो.” ‘आहे’ म्हणजे या क्षणी, ‘असतो’ म्हणजे माझे घर, माझी माणसे, माझे येणे-जाणे तिथे. हायडेगर ‘मध्ये असणे’ या कल्पनेचा उलगडा करताना सांगतो की यातला ‘मध्ये’ हा पेल्यात पाणी असण्याचा नाही, तो वसण्याचा आहे, आणि त्यासाठी जुन्या जर्मन शब्दांच्या मुळापर्यंत जातो. मराठीला मुळापर्यंत जावे लागत नाही. असणे म्हणजे वसणे, हे आपल्याकडे चालू व्याकरणात आहे.

वर्गात ही ओळ वाचली तेव्हा त्याच काकूंनी विचारले, “आणि जो नाही त्याच्याबद्दल? आमचे हे कल्याणला असायचे.” मी जर्मन रूपे मनात फिरवली. ‘वार’ म्हणजे होता, ‘गेवेझन’ म्हणजे असून गेला, आणि ‘फ्लेगन’ लावून ‘नेहमी असे’ म्हणता येते, पण त्यात सवयीचा वास येतो, माणसाचा नाही. ‘असायचे’ला मी अजून जर्मन शब्द लिहिलेला नाही. वहीत त्या ओळीसमोर जागा मोकळी आहे.